तिसरी तुकडी

"का बे, तीस वर्षं लोकांची कर्जं मंजूर केलीस ना? मग एवढं एक सांग. बारावी कोण घ्यायची?"

अण्णानं हा प्रश्न टाकला तेव्हा आम्ही दोघं मैदानाच्या कडेला, पाण्याच्या टाकीच्या सावलीत उभे होतो. सावली म्हणायची एवढंच. एप्रिलातल्या सोलापुरात संध्याकाळी साडेपाचलाही टाकीचं सिमेंट हात लावू देत नाही. समोर पंधरा-सोळा मुली खो-खो खेळत होत्या. मैदानावर नुकतंच पाणी मारलं होतं आणि मुरमानं ते केव्हाच पिऊन टाकलं होतं.

अण्णा माझा शाळेपासूनचा मित्र. मी बँकेत गेलो, तो शारीरिक शिक्षणाचा शिक्षक झाला. यथाकाल दोघंही निवृत्त झालो. फरक इतकाच, की मी घरी बसून कादंबऱ्या लिहितो आणि तो अजूनही रोज गळ्यात शिटी अडकवून मैदानावर येतो. मे महिन्यातल्या एका स्पर्धेसाठी त्याला बारा मुलींची यादी द्यायची होती. अकरा नावं शाईनं लिहून झाली होती. बाराव्या ओळीत पेन्सिलीनं दोन नावं होती, आणि दोन्ही खोडून खोडून पुन्हा लिहिल्यामुळे कागद तिथं पातळ झाला होता.

"बारावीनं काय फरक पडतो? ती बाहेरच बसणार," मी म्हणालो.

अण्णानं माझ्याकडे नीट पाहिलं. "तू स्वतः बारावा होतास ना बे? आणि तूच असं म्हणतोस?"

हे खरं होतं. त्याविषयी पुढे सांगतो.

खो-खो आपण सगळेच लहानपणी खेळलेलो असतो, त्यामुळे तो आपल्याला कळतो असा आपला एक समज असतो. पटांगणात दोन खांब, मधे उकिडवी बसलेली पोरं, आणि पाठीवर पडणारा 'खो'चा धपाटा. पण १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानं या खेळाला पहिल्यांदा नियमांत बसवलं, तेव्हापासून तो हळूहळू हिशेबाचा खेळ होत गेला आहे. हा हिशेब नऊ आणि बारा या दोन आकड्यांचा आहे. संघ बारा जणांचा, मैदानात नऊ. पाठलाग करताना आठ जण मधल्या पाटीवर एकाआड एक उलटसुलट तोंडं करून बसतात आणि नववा धावतो. पळायची पाळी आली, की हेच नऊ जण तीन-तीनच्या तुकड्यांनी आत येतात. पहिली तुकडी बाद झाली की दुसरी, दुसरी बाद झाली की तिसरी. तिसरीही संपली, की दम खात बसलेली पहिली तुकडी पुन्हा आत. पाळी नऊ मिनिटांची, आणि बाद होणारा प्रत्येक गडी म्हणजे समोरच्या संघाला एक गुण.

आता असं समजा, की एका संघात तिघं अतिशय मातबर आहेत. त्यांनी पहिल्या तुकडीत जाऊन चार मिनिटं काढली. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. दुसरी तुकडी दीड मिनिटात आटोपली, तिसरी एका मिनिटात. म्हणजे साडेसहा मिनिटांत नऊ गडी गेले, आणि अडीच मिनिटं अजून शिल्लक आहेत. तेच मातबर तिघं धापा टाकत पुन्हा आत आले, तेव्हा त्यांच्या पायांत पहिली धाव राहिलेली नसते. दुसऱ्या संघात कुणीच तसा मातबर नाही, पण प्रत्येक तुकडी तीन-सव्वातीन मिनिटं टिकते. हा संघ पाळीत सात-आठ गडी देतो, पहिला दहा-अकरा देतो. मैदानावरून उठताना लोकांच्या तोंडी नाव मात्र पहिल्या संघातल्या त्या तिघांचं असतं.

म्हणून सगळे मातबर एकाच तुकडीत घालायचे, की प्रत्येक तुकडीत एक-एक वाटून द्यायचा, की एक हुकमी पत्ता शेवटच्या तीन मिनिटांसाठी मागे ठेवायचा, यावर खो-खोवाल्यांच्या गप्पा रात्र रात्र चालतात. एखादा गडी पाठलागात वाघ असतो आणि पळताना मांजर. त्याला पळण्याच्या क्रमात कुठं लपवायचा? एखादी मुलगी पळताना कुणाला सापडत नाही, पण खो मिळाल्यावर उठायला अर्धा क्षण उशीर करते. तिला कितव्या चौकोनात बसवायची? खांबाजवळचे चौकोन सूर मारणाऱ्यांसाठी राखून ठेवायचे, हे ठरलेलं. उरलेल्या चौकोनांचं काय? क्रिकेटमध्ये अकराव्या क्रमांकाचा फलंदाज शून्यावर बाद झाला तरी त्याचं हसू होऊन विषय संपतो. खो-खोत नवव्या गड्याला लपवायला जागा नाही. त्याला नऊ मिनिटं पाठलागात बसायचं असतं, आणि कधी ना कधी तिसऱ्या तुकडीतून आत जायचं असतं.

अण्णाचं एक ठरलेलं वाक्य आहे. "पहिली तुकडी कोण पण लावेल. मास्तराची अक्कल तिसरीत दिसते." त्याच्या जुन्या वह्या मी पाहिल्या आहेत. त्यांत पहिल्या तुकडीविषयी फार कमी लिहिलेलं आहे. तिसऱ्या तुकडीविषयी पानंच्या पानं आहेत: कोण किती वेळ टिकली, कुठल्या खांबाजवळ सापडली, साखळी पळताना दिशा कुठं चुकली. एक बारीक नियम त्याच्या फार आवडीचा आहे. तुकडीतला शेवटचा गडी ज्यानं बाद केला, त्यानं नव्या तुकडीच्या मागे स्वतः धावायचं नसतं, खो द्यायचा असतो. त्या खोमध्ये एखाद-दुसरा श्वास जातो. अण्णाच्या मते तिसऱ्या तुकडीचं निम्मं आयुष्य त्या श्वासावर अवलंबून असतं. आत शिरताना कोण कुठं उभं राहायचं हे त्या वेळात ज्यांना सुचतं, त्या टिकतात.

हे सगळं ऐकताना मला न्यू जर्सीची आठवण झाली. दोन वर्षांपूर्वी मुलाकडे गेलो होतो, तेव्हा त्यानं आम्हा दोघांना बेसबॉल पाहायला नेलं. तीन तास मी बसून होतो. पत्नीनं तासाभरानं पिशवीतून विणकाम काढलं. मला आधी काही उमगेना. मग मुलगा सांगू लागला, की समोरचा गोलंदाज डावखुरा आला म्हणून यांनी आपला डावखुरा फलंदाज बसवून उजव्या हाताचा उतरवला. समोर उजव्या हातानं फेकणारा आला तर डावखुरा खेळवायचा. एकाच जागेसाठी दोन माणसं, आलटून पालटून. याला तिथं प्लाटूनिंग म्हणतात. प्लाटून म्हणजे लष्करातली तुकडी. "अरे, ही तर आपली तुकडीच," मी म्हणालो, तेव्हा पुढच्या रांगेतल्या दोन गोऱ्या आजोबांनी मागे वळून पाहिलं.

या युक्तीचा गाजलेला वस्ताद म्हणजे न्यूयॉर्क यांकीजचा केसी स्टेंगल. १९४९ ते १९५३ अशी सलग पाच वर्षं त्यानं संघाला वर्ल्ड सिरीज जिंकून दिली. गंमत अशी, की खेळाडू असताना तो स्वतःच असा आलटून पालटून खेळवला गेलेला होता. अर्धा वेळ बाकावर बसलेल्या माणसालाच बाकाची किंमत कळत असावी. आज तिथल्या संघात सव्वीस जणांची यादी असते आणि मैदानात असतात नऊ. हा नऊचा आकडा पाहून मला उगाच घरच्यासारखं वाटलं.

परतताना गाडीत मुलानं ड्राफ्टची हकीकत सांगितली. १९६५ पासून तिथले व्यावसायिक संघ दरवर्षी शाळा-कॉलेजांतल्या मुलांतून पाळीपाळीनं निवड करतात, आणि आदल्या काळात दुबळे ठरलेल्या संघांना आधी संधी मिळावी असा तिचा मूळ हेतू. मुलांची वर्षानुवर्षं पाहणी होते. चेंडूचा वेग, धावण्याची सेकंदं, उंची, वजन, सगळं मोजलेलं असतं. इतकं करूनही काय होतं? १९९१ साली सगळ्यांत पहिला उचलला गेलेला ब्रायन टेलर नावाचा मुलगा एका भांडणात खांदा दुखावून बसला आणि वरच्या लीगमध्ये एकही सामना खेळला नाही. आणि १९८८ साली बासष्टाव्या फेरीत, १३९० व्या क्रमांकावर, केवळ वडिलांच्या ओळखीमुळे घेतलेला माइक पियाझा २०१६ मध्ये तिथल्या हॉल ऑफ फेममध्ये जाऊन बसला. १३८९ मुलं त्याच्या आधी निवडली गेली होती.

मला यात नवल वाटलं नाही. मी बँकेत होतो.

एेंशीच्या दशकात माझ्याकडे यंत्रमागांच्या कर्जांचे प्रस्ताव येत. एक प्रस्ताव टाइप केलेला, आकडे चोख, तारण भरभक्कम, जामीनदार शहरातला प्रतिष्ठित. दुसरा हातानं लिहिलेला, बेरजेत चूक, तारण म्हणून राहत्या घराच्या दोन खोल्या. पहिला मी मंजूर केला, दुसरा परत पाठवला. नियमाप्रमाणे दोन्ही निर्णय बरोबर होते. पहिलं कर्ज तीन वर्षांत थकलं. दुसऱ्या माणसानं कुठून तरी उसनवारी करून दोन माग टाकले, पुढे त्यांचे आठ केले आणि मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला तो माझ्याच टेबलाशी आला. "साहेब, तुम्ही त्या वेळी नाही म्हणालात, पण चहा पाजला होता," असं म्हणाला. मी त्या दिवशी जेवलो नाही. पुढे पुढे मी एक सवय लावून घेतली. अर्जदाराच्या कारखान्यात जायचं ते सकाळी नाही, संध्याकाळी पाळी संपताना जायचं. सकाळी सगळेच माग चालू असतात. संध्याकाळी तुटलेला धागा कोण जोडत बसतो, हे पाहायचं.

असो. आपल्याकडे खो-खोचा ड्राफ्ट पहिल्यांदा झाला २०२२ साली, अल्टिमेट खो-खो लीगसाठी. कबड्डीत २०१४ पासून खेळाडूंचा लिलाव होत होता. खो-खोवाल्यांनी लिलावाऐवजी ड्राफ्ट घेतला. चार गट पाडले, गटाप्रमाणे मानधन ठरवलं आणि सहा संघांनी पाळीपाळीनं नावं घेतली. २४० खेळाडूंतून १४३ निवडले गेले. मग ऑगस्टमध्ये पुण्याच्या बालेवाडीत मॅटवर, दिव्यांच्या झगमगाटात सामने झाले. अंतिम सामना ओडिशा जगरनट्सनं तेलुगू योद्धाजविरुद्ध ४६-४५ असा, एका गुणानं जिंकला. दुसरा मोसम २०२३च्या डिसेंबरात सुरू होऊन जानेवारीत कटकला संपला. त्या खेळात आक्रमणाला नऊ नव्हे, सात जण. त्यांतला एक 'वजीर', तो हवा त्या दिशेनं धावू शकतो. मात्र पळणाऱ्यांच्या तीन-तीनच्या तुकड्या तिथंही राहिल्या. टीव्हीसाठी मैदान लहान केलं, गुणांची पद्धत बदलली, पण तुकडीला हात लावायला कुणी धजावलं नाही.

आमच्या जिल्ह्याला त्या लीगचं अप्रूप असण्याचं कारण म्हणजे रामजी कश्यप. माळशिरस तालुक्यातलं वेळापूर, जिथं अर्धनारी नटेश्वराचं जुनं मंदिर आहे, तिथला हा खेळाडू चेन्नई क्विक गन्सकडून चमकला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, तेव्हा भारताच्या पंधरा जणांच्या संघातही तो होता. पुरुष आणि महिला, दोन्ही संघांनी अंतिम फेरीत नेपाळला हरवलं, आणि प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. शेजारच्या धाराशिवच्या सारिका काळे यांना २०२० सालचा अर्जुन पुरस्कार मिळाला, तेव्हा अण्णानं मैदानावर पेढे वाटले होते. पुण्या-मुंबईचे लोक विचारतात, की तुमच्या या कोरड्या भागातून इतके खेळाडू येतात कसे? उत्तर सोपं आहे. खो-खोला दोन खांब लागतात, चुना लागतो आणि कुणी तरी रोज साडेपाचला यावं लागतं. बूटसुद्धा नंतर लागतात.

पण २४० मधून १४३ वजा केले तर ९७ उरतात. माझं मन त्या आकड्याशी घुटमळतं. हे ९७ जण काही सोम्यागोम्या नव्हते. आपापल्या राज्यातून गाळून गाळून वर आलेले होते. आणि त्यांच्याही खाली गावोगावची अशी मुलं-मुली आहेत, ज्यांचं नाव बारात लागतं की नाही यावर बरंच काही ठरतं. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण आहेत. त्यांच्या अटी कडक आहेत, वरच्या स्पर्धांतली कामगिरी लागते. पण त्या जिन्याची पहिली पायरी म्हणजे कुठल्या तरी यादीतलं बारावं नाव. बाहेर बसलेल्या मुलीलाही प्रमाणपत्र मिळतं. तेराव्या मुलीला काही मिळत नाही.

आता माझी गोष्ट. मी नववीत होतो. आंतरशालेय स्पर्धेत आमचा संघ उपांत्य फेरीत पोचला होता आणि मी बारावा गडी होतो. माझं काम लिंबं चिरणं, टॉवेल देणं आणि घड्याळ सांभाळणं. सरावात मला कधी तुकडीत घेतलं नव्हतं. आकडा पुरा करायला चौकोनात बसवायचे तेवढंच. त्या दिवशी एकाचा पाय मुरगळला, दुसऱ्याला चक्कर आली, तिसरा आलाच नव्हता. मला तिसऱ्या तुकडीत घातलं. मी आत शिरलो आणि उजवीकडे जायचं की डावीकडे, हे ठरवायच्या आत माझ्या खांद्यावर हात पडला होता. चार सेकंद. घड्याळ मीच दुसऱ्याच्या हातात दिलं होतं, त्यामुळे आकडा पक्का आठवतो. सामना आम्ही हरलो. घरी जाताना सरांनी एक शब्दही काढला नाही, आणि तेच जास्त लागलं. पण आज वाटतं, बारावा म्हणून नाव लिहिलं आणि बाराव्याला शिकवलंच नाही, तर त्या संघात मुळात अकराच गडी होते.

अण्णा त्या संघात पहिल्या तुकडीत होता. साडेतीन मिनिटं पळाला होता. माझी चार सेकंद त्यानं पन्नास वर्षांत एकदाही काढली नव्हती. त्या संध्याकाळी टाकीपाशी पहिल्यांदा काढली.

तर बाराव्या ओळीतली दोन नावं. एक मुलगी आठवीतली. तीस मीटरमध्ये सगळ्यांत वेगवान, अंगानं हलकी, सूर मारला तर पाहत राहावं अशी. दुसरी नुकतीच दहावीची परीक्षा देऊन मोकळी झालेली. घरी आई विड्या वळते. दुपारी मुलगीही आईबरोबर बसते आणि पानांचा हिशेब पुरा झाल्यावर मैदानावर येते, त्यामुळे रोज दहा मिनिटं उशीर. धावण्यात सहावी-सातवी. कुणीतरी तिच्या आईला सांगितलं होतं, की चांगल्या स्पर्धेचा कागद असला तर कॉलेज फीमध्ये सवलत देतं. नाही तर जूनपासून मैदान बंद, हे घरात ठरलेलं होतं. हे अण्णानं मला आधी सांगितलं नाही. बरंच झालं. सांगितलं असतं तर मी खेळ पाहिलाच नसता.

"दोघींना तिसऱ्या तुकडीत घाल. सगळ्या दमल्यावर, सगळ्यांत शेवटी," मी म्हणालो.

पावणेसात वाजले होते. उजेड पिवळा पडला होता. आठवीतली आत आली ती वाऱ्यासारखी. तिनं एक सुंदर हुलकावणी दिली, दुसरी दिली, तिसरीला खांबापाशी सापडली. वीस-बावीस सेकंद. दहावीतली दुहेरी साखळी पळत राहिली. वेग बेताचाच. पण पाठलाग करणारीची मान कुठं वळतेय याकडे तिची नजर होती आणि प्रत्येक खोला ती अर्धं पाऊल आधी निघत होती. मिनिटभर तिनं काढलं. मग पाठलागाच्या वेळी मी दोघींचं बसणं पाहिलं. बसणं कुणी पाहत नाही. आठवीतली बसल्या बसल्या डोकं फिरवून मागचा खेळ बघत होती, त्यामुळे खो मिळाला की आधी तिला मान सरळ करावी लागे. दहावीतली दोन्ही हात जमिनीला टेकून, टाचा उचलून, समोर बघत बसली होती. पाठीत कान असल्यासारखी.

निर्णय सोपा झाला असं वाटतं ना? मलाही वाटलं होतं. पण बाद झाल्यावर दहावीतली मुकाट्यानं कडेला जाऊन घोटाभर पाणी पीत बसली, आणि आठवीतली मात्र बाहेरून घसा फोडून आतल्या मुलीला सांगत होती, "अक्का, डावीकडून आली! डावीकडून!" स्वतः बाद झाल्याचं तिच्या गावीही नव्हतं. हे कशात मोजायचं? कर्जाच्या अर्जात अशासाठी रकाना नसतो.

मी दहावीतलीचं नाव सांगितलं. अण्णानं दुसरं खोडलं आणि मला घराची ती सगळी हकीकत सांगितली.

मे महिन्यातल्या त्या स्पर्धेला मी गेलो होतो. तिसऱ्या सामन्यात, पाठलाग करताना आमच्या एका मुलीचा घोटा दुखावला. शेवटची पाळी पळण्याची होती आणि समोरच्या संघाला जिंकायला नऊ गडी हवे होते. राखीव तिघींतून अण्णानं बारावीला उठवलं. पहिली तुकडी चार मिनिटं टिकली. दुसरी दोन मिनिटं पन्नास सेकंद. तिसरी आत गेली तेव्हा दोन मिनिटं दहा सेकंद बाकी होती. सव्वा मिनिटभरात दोघी बाद झाल्या आणि ही एकटी उरली. मी घड्याळ बघत नव्हतो, अण्णाचा चेहरा बघत होतो. ती साखळी पळाली, गोल पळाली, एकदा सुरातून निसटली. मग खांबाजवळ समोरच्या मुलीनं अंग झोकून दिलं आणि दोन बोटं हिच्या टाचेला लागली.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात तीन ओळींची बातमी होती. समोरचा संघ एक गुण आणि बारा सेकंद राखून विजयी. आमच्याकडून दोन मुलींची नावं छापली होती, दोन्ही पहिल्या तुकडीतल्या. एक मिनिट अठ्ठावन्न सेकंद पळालेल्या मुलीचं नाव कुठं नव्हतं. संध्याकाळी तिची आई अंक घेऊन मैदानावर आली. तिला मराठी वाचता येत नव्हतं. "साहेब, यात पोरीचं नाव कुठं हाय?" असं तिनं मलाच विचारलं. बाकी सगळे खेळाडूंत गुंतले होते. मी बातमीवर बोट ठेवलं आणि सांगितलं, "इथं सगळ्या संघाचं लिहिलंय, अम्मा." खोटं नव्हतं. तिनं त्या जागेला घडी घातली आणि अंक पिशवीत ठेवला. प्रमाणपत्र नंतर मिळालं. कॉलेजनं फी थोडी कमी केली, मुलीनं कॉमर्सला नाव घातलं. मैदानावर ती आता आठवड्यातून तीनच दिवस येते.

आठवीतली मुलगी यादी लागल्यापासून दहा-बारा दिवस आलीच नव्हती. अण्णा दोनदा तिच्या घरी गेला. पहिल्यांदा ती माडीवरून खाली उतरली नाही. दुसऱ्यांदा अण्णा काहीच न बोलता शेंगा खात बसला आणि निघताना म्हणाला, "तुझी मान सरळ ठेवायचं काम राहिलंय. उद्या ये." हे मला त्यानं सांगितलं तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मी नाकारलेल्या माणसाच्या घरी मी तीस वर्षांत एकदाही गेलो नव्हतो.

परवा मैदानावर गेलो होतो. पुढच्या यादीची वेळ आली आहे. अण्णानं वही पुढे केली. या वेळी अकराव्या ओळीतही पेन्सिलीच्या खुणा होत्या.

"येणार ना बे शनिवारी?"

"येतो की."

समोर सराव चालू होता. ती मुलगी, आता नववीतली, पाचव्या चौकोनात पश्चिमेकडे तोंड करून बसली होती. उतरतं ऊन थेट डोळ्यांत येत होतं. मागे धावण्याचा आवाज जवळ येत होता, लांब जात होता. तिनं डोळे बारीक केले होते, टाचा उचललेल्या होत्या, आणि मान हलत नव्हती.